भिंतीच्या रंगाचं दार

त्या खोलीचा फोटो घेऊन अजूनही गिऱ्हाईकं माझ्या काउंटरवर येतात. मोबाइल अगदी माझ्या नाकाला लावतात आणि विचारतात, "बाई, हा रंग आहे का तुमच्याकडे?" मी नाही म्हणते. खोटं बोलत नाही मी. तो रंग मशीनच्या चुकीनं झाला होता, पुन्हा कुणाच्या बापाला जमायचा नाही. मागच्या आठवड्यात तर नुकतंच लग्न झालेल्या एका शहाण्यानं मलाच धडा दिला. म्हणाला, "अहो, बघा तरी नीट. कुणीतरी घरच्या घरी, टाकाऊ सामानातून केलंय हे सगळं. तुम्हा दुकानवाल्यांनी शिकायला पाहिजे." शिकले रे बाबा. चांगलीच शिकले.

फोटो माझ्या वहिनीनं काढून इंटरनेटवर टाकला होता. खोली माझ्या आईची. रंगवली मी.

एकवीस वर्षं मी रंगाच्या दुकानात उभी आहे. उभी म्हणजे खरंच उभी, आमच्या मालकाला बायकांनी स्टुलावर बसलेलं खपत नाही. गिऱ्हाईक येतं, पट्टीवरचा रंग दाखवतं, मी नंबर मशीनला घालते, मशीन पांढऱ्या डब्यात थेंब थेंब रंग सोडतं, मी झाकण ठोकून डबा हलवायला लावते. एवढं काम. पण लोकांना नुसता रंग नको असतो, सल्लाही हवा असतो, आणि तोही फुकट. छत बुटकं आहे, काय करू? खोली अंधारी आहे, काय करू? खोली लहान आहे, सासू मोठी आहे, काय करू? मी सगळ्यांना उत्तरं देते. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

जे डबे चुकतात, किंवा घरी नेल्यावर बायकोला आवडत नाहीत म्हणून परत येतात, ते मागच्या फळीवर जातात. मी तिला नापासांची फळी म्हणते. वर्षातून एकदा मालक ते डबे आम्हाला घेऊन जा म्हणतो, कारण त्याला जागा हवी असते. आमच्या घरातली मोरी, गच्चीचं दार, स्टूल, सगळं नापास रंगांचं आहे.

घरात आम्ही दोघी, मी आणि आई. मी लग्न केलं, दोन वर्षांत परत आले, तो विषय संपला. आईला चार वर्षांपासून विसरायला होतं. सुरुवातीला किल्ल्या, मग शेजारणींची नावं, मग आज कुठला वार ते, मग बाबा गेलेत हे. पण घर विसरत नव्हती. डोळे मिटून सांगावं असं घर तिच्या अंगात होतं. पलंगावरून उतरली की डावा हात टेबलाला, मग खुर्चीच्या पाठीला, मग समोर तपकिरी दार, दारावर पितळी खुंटी, खुंटीवर तिचा टॉवेल. टॉवेल हाताला लागला की ती कडी काढायची आणि बाहेर आली की समोर संडास. दिवसातून दहा वेळा जायची, कुणाची मदत लागायची नाही. मी दुकानात असताना एक मावशी तिच्याजवळ बसायच्या. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, पगारी. भल्या बाई, तोंडानं फटकळ, हातानं मऊ.

मावशींचा पगार दादा द्यायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गाडीनं तीन तासांवर राहतो, मोठ्या हुद्द्यावर आहे. डॉक्टरांच्या कागदांवर सही दादाची, म्हणजे शेवटचा शब्दही दादाचाच. महिन्यातून एकदा यायचा, आईजवळ तासभर बसायचा, चष्मा पुसत राहायचा. वाईट नाही हो माझा भाऊ. वाईट असता तर फार सोपं झालं असतं.

मागे एकदा आला तेव्हा बरोबर वहिनी होती. वहिनी कधी यायची नाही, त्यामुळे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. ती आईच्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबली आणि नाक मुरडणार नाही याची इतकी काळजी घेतली की ते मुरडण्यापेक्षा जास्त लागलं मला. पलंगामागच्या भिंतीला ओल आली होती, पोपडे सुटले होते. खिडकीवर चादर बांधलेली. गादीखाली प्लास्टिक. खरं सांगायचं तर वासही होता थोडा. मी रोज त्या खोलीत वावरत होते, मला तो येईनासा झाला होता.

"वन्सं, रागावू नका," वहिनी म्हणाली. मला वन्सं म्हटलं की समजावं, आता सुरी निघणार. तिनं मोबाइल काढला. एका वृद्धाश्रमाचे फोटो. उजळ भिंती, फुलांचे पडदे, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत एक म्हातारी हसते आहे. "इथे किती प्रसन्न आहे बघा. आईंना अशा अंधारात ठेवायचं म्हणजे..."

"आई घरात आहे तिच्या," मी म्हटलं.

दादा चष्मा पुसत होता. म्हणाला, "ठमे, मी फॉर्म आणलाय." ठमी मी घरात, लहानपणी बुटकी आणि गोल होते म्हणून. "गाडीत आहे. तू एकटी किती करणार? आणि ही खोली बघ तूच. ही काय आजारी माणसानं राहायची खोली आहे?"

इथे मी माती खाल्ली. मी म्हणायला हवं होतं की दादा, खोलीचं सोड, आई दहा वेळा आपली आपण उठून जाते, दुसरीकडे नेलीस तर ते जाईल, खोली अंधारी असली तरी तिच्या पायांना पाठ आहे. तेवढं एक वाक्य बोलले असते तर आजची गोष्ट निराळी असती. पण वहिनीच्या हातातला तो मोबाइल बघून माझं डोकं फिरलं. रंगाच्या दुकानात एकवीस वर्षं काढलेल्या बाईला ही भिंत दाखवते! मी म्हटलं, "एक महिना दे मला. एकच. तुझ्या बायकोच्या फोटोपेक्षा चांगली खोली करून दाखवते. नाही केली तर घेऊन जा आईला, मी तोंडातून ब्र काढणार नाही."

दादा म्हणाला, "ठरलं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतो."

असा सौदा मी केला. आईला घरी ठेवायचं की नाही, हे आता भिंतीच्या रंगावर ठरणार होतं. आणि ते मीच ठरवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आईचा पलंग बाहेरच्या खोलीत माझ्या पलंगाशेजारी आणला आणि कामाला लागले. संध्याकाळी दुकान सुटलं की घरी येऊन आधी भिंत खरवडायची. ओलीवर रंग मारला तर महिन्यात फुगतो, हे मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकले, आता स्वतः केलं. बाहेरच्या बाजूनं पाण्याचा पाइप गळत होता, तो आधी बंद करून घेतला. मग पार विटेपर्यंत खरवडलं, आठवडाभर पंखा लावून वाळवलं, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरनं घासली. केसात, पापण्यांत, चहात, सगळीकडे पांढरी भुकटी. माझा उजवा खांदा अजून दुखतो.

रंग नापासांच्या फळीवरचा. कुणीतरी फिकट हिरवा मागितला होता, मशीननं पिवळा जास्त सोडला, गिऱ्हाईक डबा टाकून निघून गेलं. कोवळ्या पानाला ऊन लागलं की दिसतो तसला रंग. एक मोठा डबा आणि वर एक लहान. भिंतीला दोन हात दिले आणि मागे सरकून बघितलं तर स्वतःलाच म्हटलं, वा गं ठमे!

मग हात थांबेनात. माल ज्या लाकडी फळ्यांच्या चौकटींवर येतो त्या दुकानामागे पावसात कुजत पडलेल्या असतात. दोन उचलून आणल्या, घासल्या, आईच्या पलंगाला उशाशी पाट केला. पडदे जुन्या पांढऱ्या चादरींचे, कडेला माझ्या फाटक्या निळ्या ड्रेसची पट्टी. काचेच्या बरण्यांना आतून रंग देऊन त्यांत दिवे सोडले. भिंतीच्या वरच्या कडेनं पानांची वेल हवी होती, तर ठसा कापायला जाड प्लास्टिक लागतं. विकत कशाला आणू? आईच्या कमरेचा एक्स-रे होता, दोन वर्षांपूर्वी पडली होती तेव्हाचा. त्यातूनच पानं कापली. आईच्या हाडांतून वेल निघाली, असं मी मावशींना सांगितलं आणि आम्ही दोघी खो खो हसलो.

आई तेव्हा मजेत होती. बाहेरच्या खोलीत तिला नवं काही नव्हतं, तिथेच ती आयुष्यभर शिवणाला बसली होती. गालिच्यासाठी मी जुने काळे टी-शर्ट आणले, मालक दरवर्षी आम्हाला जाहिरातीचे वाटतो ते. तिच्या मांडीवर टाकले आणि कात्री दिली. काय सांगू! मला नाव विचारणारी बाई, पण एकसारख्या पट्ट्या कापल्या तिनं, बोटभर रुंद, एक इकडची तिकडे नाही. मी वेणी घालायची, ती कापायची.

"कुणाला करतेस गं हे?" आईनं विचारलं.

"तुझ्या खोलीला."

"माझ्या खोलीला कशाला? माझी खोली आहे की."

"नवी करतेय, आई. बघत राहशील."

"नवी कशाला?" ती म्हणाली आणि पुन्हा कापायला लागली. मी हसून सोडून दिलं. माणूस कधी कधी समोर उत्तर ठेवतं आणि आपण ते झाडून टाकतो.

शेवटी लहान डबा उरला. तेव्हा मला आमच्या धंद्यातली ती युक्ती आठवली, जी मी शंभर तरी गिऱ्हाइकांना शिकवली असेल. खोली लहान असेल तर दार भिंतीच्याच रंगात रंगवायचं. चौकटीसकट, कडीसकट. दार दिसेनासं होतं, भिंत सलग होते, आणि खोली दुप्पट वाटते. एक पैसा जास्त लागत नाही. मी ते तपकिरी दार घासलं, खुंटी उपसून काढली, भोक बुजवलं, आणि बुधवारी संध्याकाळी दाराला दुसरा हात दिला. वेलही दारावरून न तोडता पुढे नेली. आमच्या घराची ती चौकट जरा कललेली आहे, दार सोडलं की आपलं आपण लागतं. ते लागलं, आणि खरंच सांगते, मी स्वतः आत उभी असून मला क्षणभर दार कुठे ते कळेना. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनं.

गुरुवारी सकाळी आईला आत नेलं. ती उंबऱ्याच्या आत आली आणि थांबली. चारही बाजूंना बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "छान आहे हो घर."

"तुझीच खोली आहे, आई."

"हो का?" कुणाच्या घरी पाहुणे गेल्यावर आपण हसतो ना, तशी हसली. पलंगाच्या अगदी काठावर टेकली. गालिच्यावर पाय ठेवेना. मी म्हटलं ठेव, तूच कापलंयस की ते. ती म्हणाली, "नको, खड्डा आहे तिथे." काळा गोल होता ना तो, तिला भोक दिसत होतं. मी गालिचा काढून गुंडाळून पलंगाखाली सारला आणि घड्याळ बघून दुकानात पळाले.

संध्याकाळी आले तर मावशी दारातच. "ताई, आजींना दार सापडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे भिंत चाचपत बसतात. दुपारी मी जेवणाची भांडी घासत होते, दार लागलं. आजी आत नुसत्या हात फिरवत होत्या भिंतीवर. होऊन गेलं तिथेच. मग रडल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं बाई."

"होईल सवय. दोन दिवस लागतात नव्या जागेला."

"ह्या वयात सवय सुटते, लागत नाही. दाराला काळा पट्टा तरी मारा. टॉवेल तरी लावा पहिल्यासारखा."

"मावशी, रविवारी दादा येतोय," मी म्हटलं. "रविवार झाला की बघू. आणि हे दादाला बोलायचं नाही, समजलं?"

मावशींनी पिशवी उचलली. "खोली छान झालीय," एवढंच म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

मला कळलं नव्हतं असं नाही. हेच तर आहे. मला गुरुवारीच कळलं होतं. एक खुंटी ठोकायची आणि टॉवेल अडकवायचा, पाच मिनिटांचं काम. पण त्या सलग भिंतीवर मध्येच एक कळकट टॉवेल लोंबकळलेला मला वहिनीला दाखवायचा नव्हता. म्हटलं, तीन दिवस. तीन दिवसांनी आई कायमची माझ्याकडे राहणार, मग तिला हवी तर चारी भिंतींना खुंट्या ठोकीन. खोली मी आईसाठी रंगवलीच नव्हती. वहिनीसाठी रंगवली होती.

शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. मी चादरी धुतल्या, खिडकी उघडी ठेवली, लिंबाच्या साली उकळून वास घालवला. मी असले की दाराशी खुर्ची लावून ते उघडं ठेवायचे. आईनं तिची पर्स काढली होती कुठून तरी. त्यात कंगवा, रुमाल, चष्म्याची डबी, एक बिस्किटांचा पुडा. ती मांडीवर घेऊन पलंगाच्या काठावर बसायची, एसटीची वाट बघत असल्यासारखी. रात्री निजवलं तर पर्स उशाशी.

रविवारी अकराला गाडी आली. मावशींना मी मुद्दाम बोलावलं होतं, चहाला हाताखाली. आईचे केस विंचरले, धुतलेले कपडे घातले. दादा आणि वहिनी आत आले आणि मी काही न बोलता दार ढकललं.

या वेळी वहिनी उंबऱ्यावर थांबली नाही, सरळ आत गेली. मग म्हणाली, "वन्सं, हे तुम्ही केलंत? एकटीनं?" आणि त्या वन्संमध्ये सुरी नव्हती हो. खरंच मनापासून म्हणाली. भिंतीवरून हात फिरवला, उशाचा पाट बघितला, बरण्यांतले दिवे लावून बघितले, पानं कशी काढली विचारलं. मी एक्स-रेचं सांगितलं तर हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी, मी फुगले. मी तिला दार लावून दाखवलं. "शोधा बघू दार कुठेय," म्हटलं. तिला खरंच सापडेना. तिनं मोबाइल काढून चार बाजूंनी फोटो घेतले. "आई, जरा इकडे सरकता?" म्हणून आईला पलंगाच्या टोकाला बसवलं, फोटोत येऊ नये म्हणून. आई मुकाट्यानं सरकली. मला त्यातही काही वाटलं नाही.

दादा खिडकीशी उभा होता. चष्मा पुसून झाला, पुन्हा पुसला. मग म्हणाला, "ठमे, हरलो मी. एवढं करणाऱ्या माणसाच्या हातून आईला नेऊन मी काय मिळवणार? राहू दे इथेच. फॉर्म फाडतो."

"शब्द दे."

"दिला."

देवाशपथ, मला मिठी मारायची होती त्याला, पण आमच्यात तसली पद्धत नाही. मी म्हटलं, "चहा घेऊ या," आणि सगळे बाहेरच्या खोलीत आलो. आईला मी म्हटलं, बस हं, तुझा चहा आत आणते. मावशींनी कप भरले. वहिनी पडद्यांबद्दल विचारत होती, मी सांगत होते. दादा हसत होता. किती वर्षांनी आम्ही तिघं असे बसलो होतो! मी बोलतच राहिले, बोलतच राहिले. दाराला खुर्ची लावायचं राहून गेलं होतं.

आधी मला वाटलं शेजारी कुणी गादी झटकतंय. थप, थप, थप. तळहाताचा आवाज, एका ठिकाणी नाही, सरकत जाणारा. मावशींनी कप खाली ठेवला. मग आईचा आवाज आला, घाबरलेला नाही, अगदी अदबीचा.

"अहो, कुणी आहे का बाहेर? जरा दार कुणीकडे आहे ते सांगता का? मला जायचंय."

दादा माझ्या आधी उठला. त्यानं दार ढकललं तेव्हा आई तिथे नव्हतीच, ती समोरच्या भिंतीशी होती, पाठ आमच्याकडे, दोन्ही तळवे भिंतीवर. कपडे खालपर्यंत ओले. फरशीवर पाणी. वेलीच्या एका पानाखाली तिनं नखांनी लांब ओरखडे काढले होते आणि बोटांच्या टोकांना तो कोवळा हिरवा रंग लागला होता. दोन ओरखडे जुने होते. मघाशी फोटोंच्या नादात ते कुणाच्या नजरेत आले नव्हते.

आई वळली. दादाला बघून तिचा चेहरा फुलला. "साहेब, बरं झालं आलात. ह्या लोकांनी फार चांगलं ठेवलं मला, तक्रार नाही. पण दार नाही हो ह्या घराला. मला घरी सोडाल का?"

"आई, मी आहे," दादा म्हणाला. तिनं मान हलवली, जसं काही तो साहेब आहे हेच त्यानं सांगितलं.

मी कपडे बदलायला पुढे झाले. आई माझ्या हातापासून मागे सरकली. मावशींकडे गेली. मावशी तिला घेऊन मोरीत गेल्या.

"दादा, दार आहे रे फक्त," मी म्हटलं. "दाराचाच घोळ आहे. दिसत नाही तिला. मी आत्ता तपकिरी करते. घरात डबा आहे. आत्ता करते, तू बस."

"किती दिवस चाललंय हे?"

"आजच. नवीन आहे ना तिला."

मावशी टॉवेल न्यायला आल्या तेव्हा दादानं त्यांना तेच विचारलं. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही, बघतच राहिले त्यांच्याकडे, डोळ्यांनी विनवत. मावशी म्हणाल्या, "गुरुवारपासून. रोज. मी ताईंना सांगितलं होतं." आणि टॉवेल घेऊन गेल्या. त्यांचं काय चुकलं?

"दादा, मी खुंटी लावते परत. टॉवेल लावते. तिच्या हाताला टॉवेल लागला की कळतं तिला. दहा वेळा जायची रे आपली आपण, तुला ठाऊक नाही. त्या अंधाऱ्या खोलीत दहा वेळा जायची."

"मग हे तू मला मागच्या महिन्यात का नाही सांगितलंस?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"भिंतीचं काही नाही गं," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडले असते, भांडण मला येतं. "मीही खोलीच बघत होतो, माझंही चुकलंच. पण तू चार दिवस तिला भिंत चाचपू दिलीस आणि मावशींना गप्प बसवलंस. उद्या ती पडली तर तू मला सांगशील? मी तीन तासांवर राहतो. तू जे सांगशील त्यावर मी विश्वास ठेवायचा, एवढंच माझ्या हातात आहे. तेच तू..." चष्मा काढला आणि या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून बसला.

वहिनी म्हणाली, "अहो, आज नको. दोन दिवस जाऊ द्या." वहिनी म्हणाली हे, मी नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या बाजूनं बोलली आणि काही उपयोग झाला नाही.

मी रडले, पाया पडायची बाकी राहिले. मी ब्र काढणार नाही म्हटलं होतं, तो शब्दही मोडला. पण आई मोरीतून कोरडे कपडे घालून आली ती सरळ पर्स घेऊनच, आणि दादाच्या कोपराला धरून म्हणाली, "चला साहेब. उशीर नको." ओढून न्यावी लागली असती तर मी दारात आडवी पडले असते. ती आपल्या पायांनी निघाली होती. तिला कोण अडवणार?

जिना ती दादाला धरून उतरली. मी मागून कपड्यांची पिशवी आणि गोळ्यांचा डबा घेऊन. कुठली सकाळची, कुठली जेवणानंतरची, ते वहिनीला सांगत. आई मागच्या सीटवर बसली. बाहेर मोकळ्यावर आल्यावर तिचा जीव थंडावला होता, चेहरा शांत झाला होता. मी वाकून तिच्या पायावर शाल घातली. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, ओळखलं. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. नखांत अजून तो रंग होता.

"बाई, तुम्ही फार केलंत माझं," ती म्हणाली. "आणखी एक काम कराल?"

"सांगा ना."

"माझी मुलगी दुकानात गेलीय. ठमी म्हणतात तिला. संध्याकाळी येते ती दमून. तिला म्हणावं, तुझी आई घरी गेली, शोधत फिरू नकोस. मी दिसले नाही की वेडीपिशी होते हो ती. सांगाल ना तेवढं?"

दादानं गाडी सुरू केली. मी म्हटलं, सांगते.